काका, जेवलास काय?

माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. चार रेघा आणि अकरा ठिपके. आजीच्या हातावर होतं, अगदी तसंच. हे काम पाऊण तासाचं असं मला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात साडेतीन तास लागले. त्यातला पाऊण तास सुईचा, बाकीचा माझ्या वागणुकीचा.

चौतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत काढून निवृत्त झालो. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी सुचतंच. कोणी कलमं लावतो, कोणी भजनात पेटी घेऊन बसतो. मला हे सुचलं. मालवणात तारकर्लीच्या वाटेवर स्कूबाच्या बुकिंगची टेबलं आणि सुरमई थाळीचे फलक यांच्या मधे एक काचेचं दार आहे. आत कोपरापर्यंत रंगलेल्या हातांचा, कुडाळकडचा एक मुलगा बसतो. मी आदल्या आठवड्यात जाऊन आजीचा जुना फोटो दाखवला, आगाऊ पैसे भरले आणि तारीख घेतली. इथवर माझं काही चुकलं नव्हतं. चुका सुरू झाल्या त्या तारीख घरी सांगितल्यावर.

बायकोने कालनिर्णय बघितलं आणि तारीख दोन दिवस पुढे ढकलायला लावली. का, तर नव्या तारखेला संकष्टी. चांगला दिवस.

शिवाय आमच्याकडे एकट्याने कुठे जायची पद्धत नाही. दात काढायचा असला तरी रिक्षा भरून जातो. त्यामुळे दुपारी चार वाजता त्या काचेच्या दारातून मी, बायको, डोंबिवलीहून आलेला मेव्हणा, त्याची दोन मुलं आणि शेजारचे आबा असे सहाजण आत शिरलो. आबांना खरं तर बाजारात जायचं होतं, पण रिक्षात जागा होती म्हणून ते बसले होते. त्या खोलीत एक खुर्ची आणि दोन स्टुलं. मुलाने आमच्याकडे पाहिलं.

“ह्यातले टॅटू कोण काढतले?”

“मी.”

“मगे बाकीचे?”

“सोबत.”

त्याने मुलांना ताबडतोब बाहेर काढलं, कारण धाकट्याने तेवढ्यात शाईच्या बाटल्यांकडे कूच केलं होतं. मेव्हणा त्यांच्याबरोबर गेला. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, “मी काय करतंय? बघतंय.” आणि स्टुलावर बसले.

मग मी घासाघीस केली. खरं तर दर आधीच ठरला होता, पण मासळीबाजारात वाढलेला माणूस ठरलेल्या दरावर शांत कसा बसेल? मी म्हटलं, अकरा ठिपक्यांना एवढे, म्हणजे ठिपक्याला किती पडले? त्याने समजावलं, की ठिपका एक असो की अकरा, सुई नवी उघडायची, हातमोजे नवे, शाईचं बोंडलं नवं, खुर्चीवरचं प्लास्टिक नवं. म्हणून कमीत कमी दर असा एक असतोच. मला पटलं. तरी उठता उठता सवयीने तोंडातून गेलंच, “बरं, मग वर दोन ठिपके घाल.” बांगड्यांच्या वाट्यावर घालतात तसे.

“खय घालू?” तो म्हणाला. “काका, ते मगे काढूक येवचे नाय.”

यावर आबा पहिल्यांदा हसले.

त्यानंतर फॉर्म. मला फॉर्मचं काय भय? जन्मभर लोकांचे फॉर्म त्रुटी काढून परत पाठवले. पण या फॉर्मात बीपी, साखर, त्वचेचे आजार आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या यांच्या पाठोपाठ प्रश्न होता : गेल्या चोवीस तासांत मद्यपान? बायको खांद्यावरून वाचत होती. मेव्हणा आदल्या रात्रीच डोंबिवलीहून आला होता. मी स्वच्छ अक्षरात ‘नाही’ लिहिलं. मुलाने माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “काका, खरा काय ता सांगा. रगात जास्त येता, शाई बसणा नाय.” मी पेन घेतलं, ‘नाही’ खोडलं आणि शेजारी ‘अल्प’ असा शेरा मारला. त्या ‘अल्प’वर घरी जी चौकशी बसली ती अजून चालू आहे. त्याने तेव्हाच काम पुढे ढकलायला हवं होतं, असं तो नंतर स्वतःच म्हणाला. पण मी आधीच एकदा तारीख बदलली होती, म्हणून त्याला संकोच वाटला.

आणि मग त्याने तो प्रश्न विचारला.

“काका, जेवलास काय?”

कोकणात हा प्रश्न नसतो. हा रामराम असतो. आमच्याकडे दुपारी बारा ते चार या वेळात कोणीही कोणालाही हे विचारतो, आणि पोटात कावळे कोकलत असले तरी उत्तर एकच : होय, जेवलंय. ‘नाही’ म्हणणं म्हणजे समोरच्याच्या चुलीवर पातेलं चढवायला लावणं. पन्नास-साठ वर्षांचं वळण. संकष्टीचा कडकडीत उपास, सकाळपासून दोन कप चहा, आणि मी हसून म्हणालो, “होय, जेवलंय.”

बायकोने माझ्याकडे चमकून पाहिलं. पण नवऱ्याचं बोलणं परक्यासमोर खोडायचं नाही हे तिचंही वळण.

हात पुढे केला तर तो खोबरेल तेलाने चकचकीत. कातडी मऊ पडावी म्हणून सकाळीच चोळलं होतं. त्या कातडीवर कसला छाप बसतो? जांभळ्या कागदावरची तुळस घसरून कोपराकडे निघाली. त्याने स्पिरिटने हात दोनदा पुसला, केस नव्या वस्तऱ्याने काढले, पुन्हा छाप लावला. “उभे रवा, हात सरळ खाली सोडा आणि आरशात बघा. आताच सांगा काय ता.” हीच ती वेळ असते. छाप पुसता येतो, पुढचं काही पुसता येत नाही. मी बघितलं. मग बायकोने बघितलं. मग आबांनी चष्मा लावून बघितलं आणि वृंदावन पूर्वेला कलतं आहे असं मत दिलं. खिडकीबाहेरून मेव्हण्याने अंगठा दाखवला. तीन विरुद्ध एक अशा मतांनी छाप मंजूर झाला.

छाप हवा तसा बसल्याच्या आनंदात मी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि हाताशी जो स्वच्छ ट्रे दिसला त्यात ठेवला.

खोलीत शांतता पसरली. घरात सोवळ्यातल्या नैवेद्याच्या ताटावर कोणी चप्पल ठेवली तर पसरेल तशी. मुलाने काही न बोलता ट्रेमधलं सगळं उचललं, नुकतीच उघडलेली सुई लाल डब्यात टाकली, शाईची बोंडलं टाकली, हातमोजे टाकले आणि पहिल्यापासून मांडामांड सुरू केली. “किती झाले त्याचे?” मी विचारलं. “असू दे,” तो म्हणाला. मासळीबाजारात ‘असू दे’ ऐकलं की आनंद होतो. इथे मान खाली गेली.

यंत्र घुं घुं करू लागलं, तेव्हा धीर यावा म्हणून मी त्याला माहिती सांगायला घेतली. हे यंत्र मुळात आम्हा कारकुनांचं. एडिसनने १८७६ मध्ये विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. पेनाची सुई कागदाला बारीक भोकं पाडायची आणि त्या कागदावरून कचेऱ्यांमध्ये पत्रांच्या प्रती काढायच्या. आमचं सायक्लोस्टाइल त्याच कुळातलं. पुढे सॅम्युएल ओरायली नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने तोच धागा धरून गोंदायचं यंत्र केलं आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. सांगताना माझा हात अर्थातच न्यूयॉर्कच्या दिशेने उठला.

“काका, हात!”

सुई त्याने वेळेवर उचलली. एका ठिपक्याच्या जागी दोन झाले असते. वर मागितलेले मिळाले असते, म्हणा.

मग तो बोलला आणि मी गप्प बसलो. सुई दीड-दोन मिलिमीटर आत जाते. वरची कातडी महिन्याभरात झडून जाते, म्हणून शाई तिच्या खालच्या थरात सोडायची. तिथे शरीराच्या रखवालदार पेशी धावून येतात, शाई गिळतात, पण ती त्यांना पचतही नाही आणि हलवताही येत नाही. एक पेशी मेली की तिच्यातली शाई दुसरी ताब्यात घेते. माझ्या डोळ्यांसमोर आमची कचेरी उभी राहिली. फाइल गिळायची, निकाली काढायची नाही, आणि निवृत्त होताना नव्या माणसाला तशीच चार्जमध्ये द्यायची. आयुष्यभर मी शाईच सांभाळली होती तर.

हे सुचलं आणि दिवे मंद झाले. सातव्या ठिपक्याला खोली प्रथम पिवळी, मग हिरवी झाली.

शुद्धीवर आलो तेव्हा पाय स्टुलावर होते, आणि मुलगा गुळात घोळलेल्या खाज्याची पिशवी फोडून तुकडा माझ्या तोंडाशी धरत होता.

“अगो बाय माझे,” बायको म्हणाली, “खाज्यात बेसन आसता! ह्येंचो उपास मोडात!”

मुलाचा हात हवेतच थांबला. “उपास?”

आबांनी स्टुलावरून निर्णय दिला : गूळ गणपतीचाच, बेसनाचं पाप माझ्या डोक्यावर. मी तीन तुकडे खाल्ले. मुलगा बाहेरच्या पायरीवर जाऊन पाच मिनिटं नुसता बसून आला.

उरलेले चार ठिपके मी जिवंत माणसाच्या मानाने फारच स्थिर बसून काढून घेतले. आजीची आठवण झाली. तिला नवव्या वर्षी गोंदलं होतं, आमच्या पडवीत. गोंदणारणीने पायलीभर तांदूळ आणि नारळ आधी घेतला आणि दम दिला, “रडलंस तर तुळस वाकडी येतली.” आजी रडली नाही, हलली नाही, न्यूयॉर्कचं काही बोलली नाही. पेजही पोटभर जेवून बसली होती. आणि घासाघीस कोणी केली नाही, कारण माणूस मेला की सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं वांगडा, म्हणजे सोबत, येतं. वांगडा यायच्या वस्तूवर सूट कोण मागतो?

निघताना त्याने नियम सांगितले. खाजवायचं नाही, खपली काढायची नाही, उन्हात धरायचं नाही, तीन आठवडे समुद्रात जायचं नाही. शेवटचं ऐकून मेव्हण्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशीचं स्कूबा त्याने सगळ्यांच्या नावाने बुक केलं होतं. घरी शेजारणीने भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, आणून दिलं, बायकोने हळद काढली, वाडीतल्या प्रत्येकाने “बघू, बघू” म्हणत बोट पुढे केलं. आठ दिवस मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरलो. रक्तदान शिबिरातून वर्षभरासाठी परत पाठवलं ते वेगळंच.

महिन्याने दाखवायला गेलो. एकटा. आंघोळ करून, तेल न लावता, चष्मा खिशात ठेवून. पर्यटकांची गर्दी होती, तो सकाळपासून उभा असावा. माझा हात उजेडात धरून त्याने ठिपके मोजले. अकराच्या अकरा.

दुपारचे तीन वाजले होते. मी विचारलं, “जेवलंस काय?”

“होय, जेवलंय,” तो हसून म्हणाला.

मी पिशवीतून डबा काढला आणि ट्रेपासून लांब, खिडकीत ठेवला.