'बाईला गाडीतून उतरवता येत नाही' हा मेसेज पुढे पाठवू नका

परवा माझ्या भाचीने आणंद स्टेशनवर गाडीचं भाडं भरलं आणि वर २५० रुपये दंड भरला. वय अठरा, कॉलेजचं पहिलं वर्ष, बडोद्याहून रोजची ये-जा. रांगेत उभी राहिली असती तर गाडी चुकली असती, म्हणून तशीच चढली. एवढा धीर तिला आला तो तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, घरच्या ग्रुपवर टाकलेल्या मेसेजमुळे: 'रेल्वे प्रवाशांचे चार हक्क'. एकट्या बाईला विनातिकीट असली तरी उतरवता येत नाही, प्लॅटफॉर्म तिकिटावर प्रवास चालतो, रात्री दहानंतर टीसी तिकीट मागू शकत नाही, वेटिंगवाल्याला स्लीपरमध्ये बसता येतं. मी चिडले तर आई म्हणाली, "अगं, त्यात कलम नंबर दिलाय, खोटं कसं असेल?"

कलम खरं आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १३९. पण मेसेज लिहिणाऱ्याने ते अर्धंच वाचलंय. भाडं आणि दंड भरायला नकार देणाऱ्याला गाडीतून उतरवता येतं, हे मूळ कलम. बाई किंवा मूल असेल आणि सोबत पुरुष प्रवासी नसेल, तर कुठे आणि केव्हा उतरवायचं एवढंच बंधन पुढे घातलंय: जिथून प्रवास सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचं स्टेशन, आणि तेही फक्त दिवसा. रात्रीच्या वेळी आडगावच्या फलाटावर बाई एकटी पडू नये, म्हणून ही तरतूद. दंड माफ, असा शब्द त्यात कुठेही नाही.

आता आमच्या पोरीचा रस्ता बघा. बडोदा जंक्शन आणि जिल्ह्याचं ठिकाण. आणंदही जंक्शन आणि जिल्ह्याचं ठिकाण. म्हणजे ज्या कलमाच्या भरवशावर ती चढली, त्याच कलमाने तिला भरदिवसा दोन्ही टोकांना उतरवता आलं असतं. वर दंड भरायला नकार दिला तर कलम १३८ प्रमाणे वसुलीचं प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जाऊ शकतं, आणि तिथेही पैसे भरले नाहीत तर किमान दहा दिवस ते एक महिन्यापर्यंत कैद. जी पोर मेसेज वाचून टीसीशी हुज्जत घालेल, तिच्यापुढे हे वाढून ठेवलंय. पाठवणाऱ्यांनी हा विचार केला होता का?

प्लॅटफॉर्म तिकिटाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. तुम्ही कुठे चढलात याबद्दल शंका असेल, तर भाडं गाडी जिथून सुटली तिथून, किंवा वाटेत शेवटची तपासणी झाली असेल तर तिथून, धरलं जातं. अहमदाबादहून आलेल्या गाडीत बडोद्याला चढलात आणि सुरतेला सापडलात, तर अहमदाबादपासूनचं भाडं अंगावर येऊ शकतं. प्लॅटफॉर्म तिकीट असलं की बडोद्याला चढल्याचा पुरावा हातात राहतो. फायदा तेवढाच. दंड सुटत नाही. दंड टाळायचा तर चढण्यापूर्वी अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी आणि तसा दाखला घ्यावा लागतो.

रात्री दहाचं म्हणाल, तर झोपलेल्या प्रवाशाला उगाच उठवू नये अशी सूचना आहे, पण दहानंतर चढणाऱ्याला ती लागू नाही. वेटिंगचा मुद्दा साफ खोटा. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं, तर ते आपोआप रद्दच होतं.

टीसीकडे ओळखपत्र जरूर मागा, भरलेल्या पैशांची पावतीही घ्या. ते मात्र खरोखर तुमच्या हक्काचं आहे.

सगळ्यात जास्त राग याचा येतो की खरी सवलत त्या मेसेजमध्ये नाहीच. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना आणि बारावीपर्यंतच्या मुलांना घर ते शाळा-कॉलेज असा सेकंड क्लासचा महिन्याचा पास रेल्वे मोफत देते. कॉलेजचा दाखला लागतो. भाची उद्या तो आणायला जाणार आहे, आणि आईने ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाकलाय.