पाचवी तार हवीच कशाला? निपाणीच्या एका वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार.

स्वस्तातल्या पाच तारांच्या बेस गिटारवरच्या माझ्या लेखावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तिचा गाभा आधी देतो. तुम्ही निपाणी-चिकोडीकडच्या ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं चार तारांची बेस वाजवता. तुमचं म्हणणं असं की तीस हजारांच्या आतल्या पाच तारांच्या बेसची बी तार (सगळ्यात जाड, खालच्या सुराची जादा तार) लुळी असते. तेवढ्याच पैशांत चार तारांची कितीतरी चांगली बेस मिळते. आपल्या मंडपांतल्या स्पीकरमधून बी तारेचा सूर ऐकूच येत नाही. सत्तर वर्षं जग चार तारांवर वाजवतंय, पाचवी तार ही फॅशन आहे. आणि असले सल्ले देऊन मी पोरांच्या आईबापांना खड्ड्यात घालतोय. शेवटी तुमच्या भाच्याने कोणती बेस घ्यावी हे विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी देतो.

आईबापांच्या पैशांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागात बेस वाजवणारी पोरं बहुतेक शेतकऱ्यांच्या, दुकानदारांच्या, फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या घरातली आहेत. त्यांना एकच बेस घ्यायची असते आणि ती पुढची कित्येक वर्षं पुरवायची असते. म्हणूनच मी पाच तारांची बाजू घेतो. माझं कारण मेटल रॉक वाजवणाऱ्यांचं नाही, तर आपल्या गायकांच्या पट्टीचं आहे.

तुम्हाला हा प्रसंग नवा नसणार. बेळगावच्या शहापुरात गणपतीच्या मंडपात अभंगांचा कार्यक्रम आहे. तालमीत सगळं काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून) बसवलंय. स्टेजवर बसल्यावर गायक पेटीवाल्याकडे झुकून सांगतो, ‘आज घसा धरलाय, काळी एक घ्या.’ पेटीवाल्याची बोटं सरकतात, की-बोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबतो, तबलजी हातोडी काढतो. बेसवाल्याने काय करायचं?

चार तारांच्या बेसवर (जाडीकडून ई, ए, डी, जी) सगळ्यात खालचा सूर मोकळ्या ई तारेचा, म्हणजे पांढरी तीन. आता काळी दोनचा सा धरून बिलावलाचे, म्हणजे सगळे शुद्ध, स्वर खाली उतरत या. ए तारेच्या सहाव्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सा, पाचव्यावर नि, तिसऱ्यावर ध, पहिल्यावर प. मग ई तारेवर चौथ्याला म, तिसऱ्याला ग, पहिल्याला रे. पुढचा सा? तो नाही. फक्त अर्ध्या सुराने हुकतो. काळी एकमध्ये तर ग वरच गाडी थांबते, रे आणि सा दोन्ही गिटारच्या बाहेर. पांढरी दोनमध्ये रे मोकळ्या तारेवर मिळतो, सा मिळत नाही. पांढरी एकमध्ये ग मोकळ्या तारेवर, त्याखालचं काही नाही.

आणि आपले पुरुष गायक गातात कुठे? बहुतांश याच चार पट्ट्यांत. म्हणजे ज्या सा वर अभंगाची ओळ टेकते, तो खर्जातला सा चार तारांच्या बेसवाल्याकडे नेमका नसतो. मग तो उडी मारून वरचा सा घेतो. बाजूने ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण ओळ खाली बसत नाही एवढं जाणवतं. पाच तारांवर काळी दोनचा सा बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर आहे, त्याचा प ई तारेच्या सहाव्यावर, वरचा सा ए तारेच्या सहाव्यावर. गायकाने काळी एक मागितली की हाच पंजा दोन फ्रेट मागे न्यायचा, बोटांची मांडणी तीच. नवशिक्याला हे सोपं जातं, अवघड नाही.

बायका गात असतील तर गोष्ट वेगळी. काळी चार किंवा काळी पाच असेल तर ई तारेच्या चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर भरदार सा मिळतो आणि चार तारा पुरतात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि बेसवरच्या परदेशी व्हिडिओंत तो सहसा येत नाही, कारण ते आपल्या गायकांच्या पट्ट्या धरून केलेले नसतात.

आता लुळ्या बी तारेकडे. तुमची तक्रार रास्त आहे, पण दोष पाचव्या तारेचा नाही, ती कशी बसवली आहे त्याचा आहे. ई तारेचा सूर ४१.२ हर्ट्झ, बीचा ३०.९. त्याच लांबीवर इतका खालचा सूर काढायचा तर तार जाड लागते, आणि तरी तिच्यावरचा ताण ई तारेपेक्षा साधारणपणे कमीच राहतो. यावर दुकानदार सांगतात, ३४ इंची नको, ३५ इंची स्केलची (मोकळ्या तारेची लांबी ३५ इंच असलेली) घ्या. हिशोब करून बघा. तीच तार, तोच सूर, लांबी ३४ची ३५ केली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जेमतेम ६ टक्के. उलट ३४ इंचीवरच १२५ची (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) बी तार काढून १३० घातली, तर वजनाच्या हिशोबाने साधारण ८ टक्के ताण वाढतो. १३५ घातली तर १६-१७ टक्के. एका इंचासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा एक जाड तार घालून बघणं कधीही शहाणपणाचं.

तेवढ्यानेही काम झालं नाही तर ब्रिजकडे, म्हणजे तारा बेसच्या अंगावर जिथे टेकतात तिकडे, बघा. बी तार जाड असल्यामुळे सॅडलवरून (ब्रिजवरच्या तारेच्या टेकूवरून) निघताना ती कोनात वाकत नाही, कमान करून निघते. तार नेमकी कुठून कंपन सुरू करते हेच ठरत नाही, म्हणून सूर गढूळ येतो. तार सुरात असताना सॅडलच्या अगदी पुढे, नेकच्या बाजूला, अंगठ्याने ती घट्ट खाली दाबायची. नटच्या (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या) पुढेही तसंच. मग पुन्हा सूर लावायचा. गोंगाटासारखा येणारा आवाज एकदम स्वच्छ झालेला मी ऐकलाय, आणि त्याला एक पैसा लागत नाही. खुंटीवरचे वेढेही बघायचे. बी तार खुंटीवर एकाच अर्ध्या वेढ्यात गुंडाळली असेल तर नटवर तिचा दाब पडत नाही, आणि मोकळी तार भुणभुणते.

म्हणून दुकानात बेस हातात आली की पहिली पाच मिनिटं बी तारेलाच द्यावीत. नेहमीच्या जोराने मोकळी बी छेडायची आणि ट्यूनरकडे बघायचं. छेडताक्षणी काटा थोडा वर उडतोच, पण लगेच खाली येऊन टिकला पाहिजे. तो डोलत राहिला तर सावध व्हा. मग बीच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि मोकळी ई तार आलटून पालटून वाजवा. सूर एकच आहे, पण आवाजाचा पोतही बऱ्यापैकी जुळायला हवा. एक भरदार आणि दुसरा कापसात गुंडाळल्यासारखा येत असेल, वर सांगितलेला अंगठ्याचा उपाय करूनही फरक पडत नसेल, तर ती बेस घेऊ नका, मग नाव कोणतंही असो. बाराव्या फ्रेटवर सूर पक्का आहे का बघा; नसेल तर बीचं सॅडल मागे सरकवायला जागा उरलीय का तेही बघा. पट्टा घालून उभे राहा आणि डावा हात सोडा. बेसचं डोकं, म्हणजे खुंट्यांची बाजू, खाली झुकत असेल तर तीन तासांच्या कार्यक्रमात खांदा भरून येणार.

चार तारांची सवय असलेल्यांना नेक रुंद वाटते, हे खरं. जॅझ बेसचा नट ३८ मिलिमीटरचा, पाच तारांच्या बऱ्याच बेसचा ४५च्या आसपास. हाताला सवय होते. उजव्या हाताचा अंगठा मात्र बी तारेवर टेकवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, नाहीतर बाकीच्या तारा वाजताना बी मागे घुमत राहते. चारवरून पाचवर आलेल्यांची जास्तीत जास्त तक्रार याचीच असते, आणि ती बेसच्या किमतीशी निगडित नाही.

मंडपातल्या स्पीकरचं म्हणाल तर दोन गोष्टी आहेत. आठ-दहा इंची कॉम्बोमधून (एकाच खोक्यातल्या अँप्लिफायर-स्पीकरमधून) ३१ हर्ट्झ येत नाही, मान्य. पण मोकळी ई तारही त्यातून पूर्ण येत नाही. आपल्याला बेसचा सूर ऐकू येतो तो बराचसा त्याच्या वरच्या स्वरांशांमुळे. बीबरोबर ६२ आणि ९३ हर्ट्झही वाजत असतात आणि त्यावरून कान मूळ सूर ओळखतो. दुसरं, आपल्याकडे ज्याला डॉल्बी म्हणतात त्यात अठरा इंची बेस स्पीकर असतात. तिथे डीआय बॉक्समधून (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) सरळ मिक्सरला केबल द्या, काळी एकचा खालचा सा छातीवर येतो. तरीही साउंडवाल्याला सांगून बेसचा नॉब थोडा कमीच ठेवावा. खर्ज जास्त झाला की तबल्याचा डग्गा आणि बेस एकमेकांत कालवले जातात.

फॅशनबद्दल थोडक्यात. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ची, चार तारांची. १९६५मध्ये त्यांनीच पाच तारांची काढली, पण तिची जादा तार वरच्या सुराची होती, ती चालली नाही. खालच्या बीची पाच तारांची बेस १९७०च्या दशकात आली. त्याच्या कितीतरी आधीपासून युरोपातल्या वाद्यवृंदांत खालच्या तारेचा डबल बेस वाजतोय. खर्जाची गरज जुनीच आहे.

ज्याच्याकडे आधीच चार तारांची बेस आहे त्याने मात्र ती विकू नये, यात मी तुमच्या बाजूने आहे. पाच तारांचा सेट आणायचा, सगळ्यात बारीक ‘जी’ तार बाजूला ठेवायची आणि बी-ई-ए-डी लावायचं. जाड बी बसण्यासाठी नटची खाच कानशीने रुंद करावी लागते. ती माहीतगाराकडूनच करून घ्या, कारण जास्त खोल गेली तर नवा नट आला. त्यानंतर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर पक्का येणं) आणि ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) जुळवून घ्यायचा. वरचे सूर डी तारेच्या वरच्या फ्रेटवर मिळतातच. अभंगाला, भावगीताला एवढं पुरतं. फक्त ई तार डीवर उतरवली तर पांढरी दोन आणि काळी दोनचा सा मिळतो, पण काळी एक आली की पुन्हा अडकलात.

नवी घेणाऱ्यांसाठी माझी पसंती यामाहाची टीआरबीएक्स ३०५, ती बजेटच्या वर जात असेल तर आयबानेझची जीएसआर २०५. दोन्ही ३४ इंची. किमती सतत हलतात, म्हणून आकडा देत नाही. बेळगावच्या दुकानांत पाच तारांची बेस भिंतीवर क्वचितच लटकलेली दिसते. मागवून देतो म्हणतात, पण न वाजवता पैसे देऊ नका. गोव्याकडे लग्नांत वाजवणाऱ्या बँडवाल्यांकडून जुनी मिळाली तर चोर्ला घाट उतरून जरूर बघून या. जुनी घेताना ट्रस रॉडचा नट पाव फेरा फिरतो का हे आधी बघायचं; गंजून जाम झाला असेल तर स्वस्तातही नको. आपल्याकडच्या, विशेषतः खानापूर-जांबोटीकडच्या पावसात नेक हलतेच. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट राहिली पाहिजे. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटची) बेस असेल तर नऊ व्होल्टची जादा बॅटरी केसमध्ये हवीच, आणि वाजवून झालं की केबल काढून ठेवायची, नाहीतर बॅटरी रात्रभर उतरत राहते.

आता भाचा. तुम्ही लिहिलंय, तो बेळगावात कॉलेजला आहे आणि त्याने तीस हजार साठवलेत. कोणाबरोबर वाजवतो ते त्याला विचारा. कॉलेजच्या बँडमध्ये मुलीच गात असतील किंवा वाद्यगाणीच असतील तर तुमचंच ऐकू द्या, चांगली चार तारांची घेऊ द्या. भजनी मंडळ, अभंग, पुरुष गायकांचा ऑर्केस्ट्रा असेल तर पंचवीसपर्यंतची पाच तारांची, उरलेल्या पैशांत १३०च्या बीचा सेट आणि एक चांगला सेटअप. घ्यायला जाताना तुम्ही बरोबर जा. लुळी तार ओळखायला तुमच्याइतका तयार कान त्याला दुसरा मिळणार नाही.