एचएसपी70-एफआयटीसी अँटिबॉडी "मेलेली" असल्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही मागवलेल्या अँटिबॉडीचं (पेशीतलं एचएसपी70 हे प्रोटीन धरणारा रेणू, त्यावर एफआयटीसी हा हिरवा चमकणारा रंग जोडलेला) पार्सल दोन दिवस उशिरा पोचलं आणि जेल पॅक वितळलेले होते. चूक आमची, मनापासून माफी मागतो.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "अँटिबॉडी मेलेली, सिग्नल शून्य, पैसे पाण्यात." हे फार लागलं. तुम्ही मेलवर पाठवलेला प्रोटोकॉल समोरच आहे: त्वचेच्या फायब्रोब्लास्ट, 42 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये 30 मिनिटं, "लगेच" 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड (पेशी आहे त्या स्थितीत थांबवणारं, म्हणजे फिक्स करणारं रसायन). सगळं त्या "लगेच"मध्ये अडकलंय.

ही अँटिबॉडी एचएसपी70 च्या ताणानंतर वाढणाऱ्या रूपालाच धरते, पेशीत कायम असणाऱ्या त्याच्या भावंडाला, एचएससी70 ला नाही. उष्णता लागल्यावर आधी एचएसएफ1 हे नियंत्रक प्रोटीन केंद्रकात जाऊन एचएसपी70 चं जीन चालू करतं, मग आरएनए, मग प्रोटीन. ते मायक्रोस्कोपखाली दिसेल इतकं साठायला काही तास जातात. म्हणूनच डेटाशीटवर छापलंय: 42 ते 43 अंशांवर 1 तास, मग 37 अंशांवर 4 ते 6 तास रिकव्हरी. तुम्ही रिकव्हरी दिलीच नाही. त्यात हवेच्या इन्क्युबेटरमध्ये मीडियम सावकाश तापतं, म्हणजे 30 मिनिटांतली पूर्ण 42 अंशांची मिनिटं आणखी कमी. डिशला पॅराफिल्म गुंडाळून वॉटर बाथमध्ये ठेवा आणि पेशी नसलेल्या, तेवढंच मीडियम घातलेल्या दुसऱ्या डिशमध्ये प्रोब बुडवून तापमान बघा.

तुमच्या फोटोत तापवलेल्या आणि न तापवलेल्या पेशींवर सारखंच फिकट हिरवं धुकं आहे. ती पेशींची स्वतःची चमक (ऑटोफ्लुरोसन्स) असावी. अँटिबॉडी न घातलेली एक स्लाइड ठेवली असती तर तिथेच कळलं असतं. फिक्स केल्यावर 0.1 टक्के ट्रायटनमध्ये (पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारं डिटर्जंट) 10 मिनिटं ठेवल्याचाही प्रोटोकॉलमध्ये उल्लेख नाही. त्याशिवाय अँटिबॉडी आत शिरणार कशी?

वितळलेल्या पॅकमुळे माल खराब झाला म्हणाल, तर तक्रार आल्यावर तुमच्याच लॉटची कुपी आम्ही दोन दिवस टेबलावर अंधारात ठेवली आणि मग वापरली. 5 तास रिकव्हरी दिलेल्या पेशींचा पीक फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) न तापवलेल्यांपासून स्वच्छ वेगळा आला. ग्राफ तुम्हाला मेल केलाय. तुमचा रिव्ह्यू वाचून दोन लॅबनी ऑर्डर थांबवल्या आहेत, म्हणून हे इतकं सविस्तर लिहावं लागतंय.

पॅकिंगचं बघतोय, कुरिअरवाल्यांशीही बोलणं चालू आहे. नवी कुपी उद्या निघेल, पैसे नकोत. ती 2 ते 8 अंशांवर, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, उणे 20 ला टाकू नका. या वेळी 5 तास थांबून फिक्स करा. सिग्नल दिसला, तर "मेलेली" हा शब्द तेवढा काढा.