धूर आपला, नाक ऑपरेटरचं

अभिनंदन, शेवटी तुम्ही शॉप फ्लोअरवरच्या धुराचं काहीतरी करायचं ठरवलंत. घाई केली नाहीत हे तर फारच बरं. वरचे दिवे पिवळे पडेपर्यंत, कंट्रोल पॅनलवर बोटाने सही उमटेपर्यंत आणि दोन मशीनच्या मधल्या वाटेत कुणीतरी घसरून सपशेल आडवा होईपर्यंत वाट बघायची, यालाच तर अनुभव म्हणतात. आता धूर ओढून गाळणारं मशीन घ्यायचंय आणि कोटेशनचा ढीग समोर आहे, म्हणून हे चार शब्द.

पहिलं म्हणजे हवेत नक्की काय आहे ते अजिबात मोजू नका. मोजलं की आकडा येतो, आकडा कागदावर राहतो आणि कागद नेमका नको तेव्हा सापडतो. कुणी फारच मागे लागला तर अमेरिकेतल्या ओशाची, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याची, मर्यादा तोंडावर फेका, मिनरल ऑइलच्या मिस्टसाठी, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या तेलाच्या बारीक थेंबांसाठी, घनमीटरला 5 मिलिग्रॅम. तिथल्याच नायॉश या संशोधन संस्थेने 1998 मध्ये मेटलवर्किंग फ्लुइडसाठी, म्हणजे धातू कापताना वापरायच्या तेल-कूलंटसाठी, एकूण कण धरून 0.5 मिलिग्रॅमची शिफारस केली, म्हणजे थेट दहावा हिस्सा, पण शिफारसच ती, पाहुण्यांना केलेल्या "या कधीतरी"सारखी, मनावर घ्यायची नसते.

दुसरं, धूर म्हणजे धूर. व्हेंडरला "कसला धूर?" असे फाटे फोडू देऊ नका. तो म्हणेल की सीएनसीतून, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनमधून, उडतं ते कूलंटचं मिस्ट, म्हणजे ओले थेंब. वेल्डिंगचा फ्यूम म्हणजे वितळलेल्या धातूची वाफ थिजून झालेले कोरडे कण, बहुतेक एका मायक्रॉनच्याही खालचे. आणि तेल तापून त्याची वाफ झाली असेल तर ती कुठल्याच कापडाला किंवा कागदाला दाद देत नाही, फिल्टरमधून सरळ पलीकडे जाते आणि तिकडे गार झाली की परत थेंब होऊन बसते. असला व्हेंडर दिसला की कोपरापासून हात जोडून त्याला गेटपर्यंत सोडून या. आपल्याला एकच डबा हवाय, सगळ्याला चालणारा. वेल्डिंगसाठीचा कार्ट्रिजवाला, म्हणजे घड्यांच्या फिल्टरच्या नळकांड्यांचा, कलेक्टर घ्या, ज्यात कॉम्प्रेस्ड एअरचा झटका देऊन धूळ खाली पाडतात, आणि त्याला ऑइल मिस्टची लाइन जोडून टाका. तेलाने भिजलेल्या कार्ट्रिजला कितीही झटके द्या, ते ओल्या गोधडीसारखं ढिम्म लोंबकळत राहतं, पण फटफट आवाज येत राहतो आणि आवाज आला की मॅनेजमेंटला मशीन चालू आहे असं वाटतं. त्याच डक्टमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या आणि तेलाचा थर एकत्र आले तर काय होईल हे मी सांगत नाही, ते आपोआप कळतं आणि उजेडही पडतो.

आता हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर. हा शब्द कोटेशनमध्ये असलाच पाहिजे. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण पकडतो, हे वाक्य मीटिंगमध्ये एकदा म्हणा, समोरचे माना डोलावतात. त्याच्या आधी थेंब एकत्र करून खाली निथळवणारे टप्पे लागतात, ते काढून टाका, किंमत खाली येते. मग बिचारा हेपा एकटाच सगळं तेल पितो आणि अपेक्षेच्या फार आधी तुंबतो. तुंबला की ब्लोअर नुसता घोंघावतो, हवा काही ओढत नाही. (स्थिर विद्युतवाला, म्हणजे भारित प्लेटांवर कण ओढून घेणारा, घेतलात तरी मजा तीच. प्लेटा नव्या असताना झकास काम करतो, मग प्लेटांवर तेल साठतं, धुवायला कुणाला वेळ नसतो, आणि तो पुढे नुसता दिवा लावून उभा राहतो.)

ब्लोअरचा सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो ते, बघताना कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा आकडा धरा. तो मोकळ्या तोंडाचा आकडा असतो, म्हणजे ना डक्ट, ना बेंड, ना फिल्टर. आपल्याकडे सहा एल्बो, अर्धी फाटलेली फ्लेक्सिबल नळी आणि मळलेला फिल्टर असला म्हणून काय झालं, आकडा तर आकडा.

पण खरी कला आहे ती हूड, म्हणजे धूर आत ओढणारं तोंड, लावण्यात, इथं जरा वेळ काढा. सक्शनचं एक मोठं वाईट आहे, फुंकर लांब जाते पण ओढ लांबून लागत नाही. हूडच्या तोंडाच्या व्यासाइतकं जरी लांब गेलात तरी तोंडाशी असलेल्या वेगाचा जेमतेम दहावा भाग उरतो. म्हणून हूड छताला लावा, छान उंच, क्रेनच्याही वर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फायदा असा की धूर वर जाताना आधी वेल्डरच्या हेल्मेटखालून जातो, मग बाजूच्या ऑपरेटरच्या नाकापुढून, सगळ्यांची रीतसर भेट घेऊन मगच हूडकडे वळतो, तेही दारातून वारा आला नाही तर. मशीनच्या एन्क्लोजरलाच तोंड जोडायचं किंवा हूडचा हलता आर्म जॉबजवळ आणायचा हे उंटावरच्या शहाण्यांचे सल्ले, आर्म मध्ये येतो अशी तक्रार होते आणि तिसऱ्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून उभा असतो, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

माणसं कुरकुर करतील. मास्क द्या, कापडी. आयएआरसी या जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा फ्यूम कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकला असेल, पण आपल्याकडे लोकं वर्षानुवर्षं वेल्डिंग करतातच की, जी खोकत नाहीत ती तर अगदी ठणठणीत आहेत. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे झिंकचा थर दिलेल्या, पत्र्यावर काम करणाऱ्याला सोमवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप येत असेल तर तो कामचुकारपणा समजा. झिंकच्या धुराची शरीराला आठवडाभरात थोडी सवय होते, सुट्टीत ती मोडते आणि सोमवारी परत झटका बसतो, ही माहिती एचआरला द्यायची काही गरज नाही.

मेंटेनन्सचं म्हणाल तर फिल्टरवर एक प्रेशर गेज असतं, काटा लाल पट्ट्यात गेला की फिल्टर बदला असं सांगणारं. त्यावर सुरक्षा सप्ताहाचा स्टिकर अगदी मापात बसतो.

राहता राहिलं ऑडिट. ऑडिटर यायच्या दोन तास आधी मशीन बंद करून एक्झॉस्ट फॅन लावायचा असा बऱ्याच जणांचा रिवाज आहे, तो मात्र चुकीचा. एका मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत एक मीटर खाली यायला साधारण आठ तास घेतो, म्हणजे अख्खी शिफ्ट, आणि फॅनने हवा ढवळलीत तर तो बसतच नाही. तेव्हा आदल्या रात्रीपासूनच प्रॉडक्शन थांबवा, सकाळी खिडकीतून ऊन आत आलं की त्या पट्ट्यात काही तरंगताना दिसतंय का बघा, आणि दिसलं तर पडदा लावून घ्या.