‘लिव्हरभर गाठी म्हणजे ट्रान्सप्लांट बाद’? आधी गाठ कसली ते विचारा

एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘लिव्हरच्या दोन्ही भागांत कॅन्सर पसरला किंवा बाहेर गेला, की ट्रान्सप्लांट निरुपयोगी. दात्याचं लिव्हर वाया जातं, आणि नंतरच्या औषधांनी कॅन्सर परत येतोच.’

लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरला यातलं बरंच लागू पडतं. त्यात ट्रान्सप्लांट कुणाचं करायचं हे ठरवणारा 1996चा मिलान निकष कडकच आहे: एकच गाठ असेल तर 5 सेंटिमीटरपर्यंत, नाहीतर जास्तीत जास्त तीन, प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंत. पण तोच नियम एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमाला लावला, तर वाचू शकणारा माणूस दारातूनच परत जातो. म्हणून हे लिहितोय.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून निघणारा हा फार दुर्मीळ कॅन्सर. तो सापडतो तेव्हा बहुतेकांच्या दोन्ही भागांत गाठी असतातच. तेवढं सगळं कापून काढता येत नाही, आणि ट्रान्सप्लांटचा विचार होतो तो त्याचमुळे.

लिव्हर वाया जातं का? युरोपच्या ट्रान्सप्लांट नोंदींतल्या अशा 59 रुग्णांचा अभ्यास 2007 साली आला. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण 83 टक्के, दहा वर्षं जगण्याचं 72 टक्के. त्यातल्या दहा जणांचा आजार आधीच लिव्हरबाहेर गेलेला होता, तरी तेवढ्यावरून ट्रान्सप्लांट नाकारू नये, असाच निष्कर्ष निघाला.

आजार उलटतो, हे खरं. पण साधारण चौघांत एकाला, ‘येतोच’ असं नाही. ट्रान्सप्लांटनंतर द्याव्या लागणाऱ्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांतलं सिरोलिमस तर याच कॅन्सरवरही वापरलं जातं.

उलट टोकही मला मान्य नाही. काहींच्या गाठी वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात, त्यांना लगेच टेबलावर घेण्याची गरज नसते. 2017च्या युरोपीय अभ्यासात तर 120 दिवस किंवा त्याहून कमी थांबून ऑपरेशन झालेल्यांत आजार जास्त उलटला. वाट पाहताना गाठीचा स्वभाव कळतो. मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव असेल तर धोका वाढतो. आणि अँजिओसार्कोमा या तिच्या, म्हणजे या गाठीच्या, आक्रमक भावंडात ट्रान्सप्लांट करूच नये, तो काही महिन्यांत परततो.

त्यामुळे सगळी मदार बायॉप्सीवर. या गाठीच्या पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली एक पोकळी दिसते, कधी तिच्यात एखादी तांबडी रक्तपेशी अडकलेली असते. ती पोकळी पाहून ‘दुसरीकडून पसरलेला कॅन्सर’ असा चुकीचा रिपोर्ट निघू शकतो. रिपोर्टमध्ये तसं लिहिलं असेल आणि मूळ गाठ कुठेच सापडत नसेल, तर ती स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा आणि कॅम्टा-१ची (या गाठीची ओळख पटवणाऱ्या जनुकाची) तपासणी झाली का, तेवढं विचारा.