वायर टेकवून सेंडरला दोषी ठरवू नका

जुन्या पिकअपवाल्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय. थोडक्यात असा: ‘पेट्रोलचा काटा बिघडला? टाकीवरच्या सेंडरची वायर काढून बॉडीला टेकवा. काटा फुलवर गेला तर सेंडर बाद, नाही गेला तर गेज बाद. सेंडर कुठलाही चालतो. तरी शंका असेल तर गेजला थेट 12 व्होल्ट देऊन बघा.’

(सेंडर म्हणजे टाकीतला फ्लोटवर चालणारा भाग. तो पेट्रोलची पातळी डॅशबोर्डवरच्या गेजला, म्हणजे काट्याला, कळवतो.) ऐकायला सोपं आहे, म्हणूनच फिरतं. एकेक घेऊ.

काटा फुलवर गेला पाहिजे, पण कुठल्या गाडीत? साठीच्या दशकातल्या फोर्ड एफ-100मध्ये, हो. तिथे टाकी रिकामी असताना सेंडरचा रोध (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) साधारण 73 ओहम असतो आणि भरलेली असताना 10च्या आसपास. वायर बॉडीला टेकली की रोध शून्य, काटा फुलकडे. (तिथेही क्षणभरच टेकवायची. काटा निघालेला दिसला की काढून घ्यायची, नाहीतर गेज तापतो.) शेवरले सी-10मध्ये सगळं उलटं. जनरल मोटर्सच्या (शेवरले त्यांचीच) 1965पासूनच्या जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीला 0 ओहम, भरलेल्या टाकीला 90. वायर टेकवली की काटा ‘ई’वर (रिकामीवर) बसणार, मोकळी सोडली की फुलच्याही पलीकडे जाणार. म्हणजे सी-10वाल्याने हा सल्ला पाळला, तर धडधाकट गेज त्याच्याच हाताने भंगारात जाणार.

बरं, तुमच्या गाडीप्रमाणे काटा बरोबर दिशेला गेला असं धरू. मग सेंडर बाद? इथेच लोकांचे सर्वांत जास्त पैसे फुकट जातात. काटा हलला याचा अर्थ गेज जिवंत आहे आणि डॅशबोर्डपासून टाकीपर्यंतची वायर शाबूत आहे. बस, एवढंच. सेंडरचं काम दोन टोकांवर चालतं: एक ही वायर आणि दुसरं ‘अर्थ’, म्हणजे गाडीच्या लोखंडाशी असलेला विजेचा जोड. टेकवायच्या चाचणीत तुम्ही बॉडीचा चांगला अर्थ वापरता, सेंडरचा स्वतःचा अर्थ तपासलाच जात नाही. टाकी रबरी पट्ट्यांवर बसलेली, स्क्रूखाली रंगाचा थर, अर्थची वायर हिरवी पडलेली, मग सेंडर करणार काय?

हे मी पदरचे पैसे घालवून शिकलोय. माझ्या सी-10चा काटा कायम फुलच्या वर. नवा सेंडर आणला, बसवला, काटा जागचा हलेना. मग सेंडरच्या बुडाशी, जिथे तो टाकीला स्क्रूने आवळतात तिथे, एक साधी वायर लावली आणि दुसरं टोक चॅसीच्या खरवडून उघड्या केलेल्या लोखंडाला. काटा सरकत सरकत पाऊण टाकीवर येऊन थांबला. तिथे तेवढंच पेट्रोल होतं. काढून ठेवलेला जुना सेंडर ओहम मोजायच्या मीटरवर धरला तर फ्लोटचा दांडा वरखाली करताना आकडा कुठेही न अडखळता 2पासून 88पर्यंत जात होता. शिक्षा भलत्यालाच झाली होती. अर्थ खराब झाला की रोध वाढतो, त्यामुळे शेवरलेत काटा जास्त दाखवतो आणि फोर्डमध्ये कमी. ही खूण लक्षात ठेवली तर अर्धं निदान बसल्या जागी होतं.

‘सेंडर कुठलाही चालतो’ याला उत्तर वरच्या आकड्यांतच आहे. फोर्डच्या गेजला शेवरलेचा सेंडर जोडा, टाकी भरल्यावर काटा रिकामी म्हणेल. बाजारात मिळणारे ‘युनिव्हर्सल’ सेंडर बहुतेकदा 240 ते 33 ओहमचे असतात. फोर्डच्या गेजवर त्यांचा काटा फुलला कधीच टेकत नाही आणि टाकीत भरपूर पेट्रोल असतानाच ‘ई’ दाखवतो. एकाच कंपनीतही फसगत होते. जनरल मोटर्सचे 1964पर्यंतचे गेज 30 ओहमचे, पुढचे 90चे. जुन्या गेजला नवा सेंडर लावला की तिसरा हिस्सा टाकी भरताच काटा फुल.

थेट 12 व्होल्टचा सल्ला देणाऱ्याने फोर्डचा डॅशबोर्ड कधी उघडला नसावा. तिथले गेज तापणाऱ्या द्विधातू पट्टीवर (दोन धातूंची, तापली की वाकणारी) चालतात आणि त्यांच्यामागे एक छोटा रेग्युलेटर असतो. तो 12 व्होल्ट चालू-बंद करत सरासरी 5 व्होल्ट देतो. टेस्ट लॅम्प लावलात तर दिवा लुकलुकताना दिसतो. गेजला थेट 12 दिले तर जळायचा. पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदम पडले किंवा एकदम चढले तर टाकीकडे जाऊच नका, आधी हा रेग्युलेटर आणि त्याचा अर्थ बघा.

सेंडर खरंच गेलेला असतोही, नाही असं नाही. पण ते ओहम मोजून कळतं: दांडा फिरवताना आकडा मध्येच उडतो किंवा एका जागी अडकतो. आकडे नीट असूनही काटा तळालाच राहत असेल तर पितळी फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत खळखळलं तर त्याला बारीक भोक पडलंय आणि तो पेट्रोल पिऊन बुडालाय. तसाच डाख द्यायला मात्र घेऊ नका, आतल्या वाफा पेट घेतात. फ्लोट तेवढा नवा घाला.