पलंगाखालचे पुरावे

माझ्या घरात मांजर नाहीच, असा निकाल शेजारच्या काकांनी काल संध्याकाळी जिन्यात उभे राहून जाहीर केला आणि आज सकाळपासून शेजारीपाजारी माझ्याशी आजाऱ्याशी बोलावे तशा मऊ आवाजात बोलू लागले आहेत.

मांजर आहे. करड्या रंगाची, प्राण्यांच्या निवाऱ्यातून दत्तक आणलेली, अतिशय लाजरी माऊ आल्या दिवसापासून पलंगाखाली राहते, आणि यात जगावेगळे काहीही नाही. अशा मांजरीला सगळे घर एकदम मोकळे करून द्यायचे नसते. एकच खोली द्यायची, खाणे एका टोकाला, शी-शूसाठी वाळू भरलेला लिटर बॉक्स दुसऱ्या टोकाला ठेवायचा, लपायला एखादा आडोसा सोडायचा आणि आपण निमूटपणे आपले काम करत बसायचे. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपण्यासाठी खोके दिले, तेव्हा ती इतरांपेक्षा लवकर सावरली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. काकांना मी हे सगळे दारातच सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरं, मग दाखवा."

मी पलंगाकडे बोट केले. काका मोठ्या कष्टाने वाकले.

"इथे बॅग आहे."

"बॅगेच्या मागे आहे ती."

"बॅगेच्या मागे भिंत आहे."

"बॅग आणि भिंत यांच्या मधे."

"तेवढ्यात मांजर मावत नाही."

मांजराचे खांद्याजवळचे हाड आपल्यासारखे दुसऱ्या हाडांना जखडलेले नसते आणि त्यामुळे जिथून डोके जाते तिथून बहुधा सगळे मांजर जाते, हे मी त्यांना समजावू लागलो, तर ते म्हणाले, "हाडांचं राहू द्या, तिला हाक मारा." टोकियोतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले आहे की मांजरांना मालकाचा आवाज नीट ओळखू येतो, पण तो ऐकून ती फार तर कान किंवा मान वळवतात, उठून येण्याची तसदी सहसा घेत नाहीत. तरीही मी हाक मारली. पलंगाखाली एखादा कान वळला असेलही. तो दाखवण्याची सोय नव्हती.

मग मी फोनमधला फोटो काढून दाखवला. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे अंधारात फ्लॅश टाकला की दोन हिरवट ठिपके चमकतात, तसे ते चमकत होते. काकांनी फोटो मोठा करून पाहिला. "कोटाची बटणं आहेत ही," ते म्हणाले.

शेवटी मी वाटी पुढे केली. रात्री भरून ठेवलेली ही वाटी सकाळी रिकामी होते, याला तरी काही उत्तर आहे का? काकांनी वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाटीकडे पाहिले आणि फार हळुवारपणे विचारले, "तुमचं जेवण वेळेवर होतं ना?"

लिटर बॉक्सचा पुरावा मी सादर केला नाही. वाटीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष पाहता, तिथे ते कुठवर पोहोचतील याचा अंदाज मला आला होता.

इथपर्यंत मी हसण्यावारी नेले असते. पण निघताना काकांनी शेवटचा प्रयत्न म्हणून पलंगाच्या लाकडावर आपली काठी दोनदा दणदणीत आपटली. आपल्याला ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच स्वराच्याही कितीतरी वरचे आवाज टिपणाऱ्या त्या कानांना लाकडाखाली हे कसे वाटले असेल? माऊ नुकती बॅगेच्या अलीकडे येऊन बसायला लागली होती. मी तिच्याकडे रोखून न पाहता सावकाश डोळे मिटून उघडले की तीही तसेच करू लागली होती. काल रात्री मात्र ती बाहेर आली नाही आणि वाटी पहाटेपर्यंत भरलेलीच राहिली. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून प्रकरण जिवावर बेतू शकते, हे ठाऊक असल्यामुळे मी पहाटेपर्यंत त्या वाटीकडे पाहत बसलो होतो. पाळलेला प्राणी म्हणजे पाहुण्यांना दाखवायची वस्तू, ही समजूत लोक आणतात तरी कुठून? घरात नवे कपाट आणले तर कोणी त्याला काठी मारून पाहत नाही.

उजाडता उजाडता तिने थोडे खाल्ले. दुपारी काका पुन्हा आले. या वेळी त्यांनी मांजराचा विषयच काढला नाही. माणसाने एकटे राहू नये, मनातले कोणाशी तरी बोलावे, त्यासाठी हल्ली चांगले डॉक्टर असतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, असे ते पलंगावर बसून सांगत होते. तेवढ्यात त्यांच्या बरोबर खाली, बॅगेच्या मागे, माऊ स्पष्टपणे शिंकली.

मी विजयी मुद्रेने काकांकडे पाहिले. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"वाफ घ्या," ते म्हणाले.